मानवी म्युलर पेशी वाढवताना आणि ओळखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात पुण्यातल्या प्रयोगशाळांत नवी मुलं येतात. कुणी विद्यापीठातून एमएस्सी करून आलेलं असतं, कुणी नेत्रविभागातला निवासी डॉक्टर प्रबंधाच्या कामासाठी आलेला असतो. मानवी दृष्टिपटलाच्या पेशींवर काम करायचं ठरलं, की पहिल्या महिन्यात तेच प्रश्न परत परत येतात, बहुतेक चहाच्या वेळी. मी ते वहीच्या मागच्या पानांवर टिपत गेले. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शेवटचा प्रश्न विद्यार्थ्यांचा नाही, रुग्णांच्या घरच्यांचा आहे. पण तो टाळून पुढे जाणं मला जमलं नाही.

दृष्टिपटलाच्या आधारपेशी म्हणजे नेमक्या कोणत्या?

दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, हा डोळ्याच्या आतला जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पडदा. त्यात प्रकाश टिपणाऱ्या आणि संदेश पुढे पाठवणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी असतात. ग्लिया तीन प्रकारच्या: म्युलर पेशी, ॲस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया. यांतल्या म्युलर पेशी संख्येने सर्वांत जास्त. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिश म्युलर यांनी १८५१ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. वाड्याच्या खांबाने सगळे मजले पेलावेत तशी एकेक म्युलर पेशी पडद्याच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत उभी असते. तिचं केंद्रक मधल्या थरात आणि हातपाय प्रत्येक चेतापेशीपर्यंत पोहोचलेले.

पडद्यामागचा काळसर थर, म्हणजे आरपीई, हासुद्धा प्रकाशपेशींचा आधारच आहे. पण तो ग्लिया नाही. हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण पुढे घोटाळा तिथेच होतो.

त्या फक्त आधार देतात का?

‘आधारपेशी’ हा शब्द त्यांच्यावर थोडा अन्यायच करतो. चेतापेशींनी सोडलेलं ग्लुटामेट त्या उचलून घेतात आणि ग्लुटामिन सिंथेटेज या विकराच्या मदतीने त्याचं निरुपद्रवी ग्लुटामिन करतात. ग्लुटामेट साठून राहिलं तर चेतापेशी मरतात. जास्तीचं पोटॅशियम आणि पाणी बाहेर काढून टाकणं, ग्लुकोजपासून प्रकाशपेशींसाठी इंधन पुरवणं, शंकुपेशींचं रंगद्रव्य पुन्हा तयार व्हायला मदत करणं, ही कामंही त्यांचीच. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी गिनिपिगच्या पेशींवर दाखवलं, की म्युलर पेशी प्रकाशतंतूसारखा उजेड आत वाहून नेतात.

आणि त्या आजारी पडल्या की सगळ्या पडद्याला झळ लागते. मधुमेहात त्या व्हीईजीएफ हे प्रथिन जास्त प्रमाणात सोडतात, त्याने रक्तवाहिन्या पाझरतात आणि मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या, बारीक नजरेच्या भागाला, सूज येते. डोळ्यात सुई घेऊन आलेले आजी-आजोबा आपल्या सगळ्यांच्या घरात किंवा शेजारात असतात. ते इंजेक्शन बहुतेकदा याच व्हीईजीएफला अडवण्यासाठी असतं. भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ मधला अंदाज समोर ठेवला, तर या पेशी फ्लास्कमध्ये नीट वाढवता येणं किती मोलाचं आहे ते कळेल.

उंदराच्या पेशी सोप्या पडतात. मग माणसाच्याच कशाला?

सुरुवात उंदरावरच करा. हात बसेल. पण उंदराला मॅक्युला नसतो, आणि माणसाची वाचायची, चेहरे ओळखायची नजर मॅक्युलातच असते. शिवाय प्राण्याप्राण्यांत या पेशींचं वागणं फार वेगळं आहे. झेब्राफिशचं दृष्टिपटल जखमी झालं, तर तिच्या म्युलर पेशी विभाजित होऊन नव्या चेतापेशी घडवतात. सस्तन प्राण्यांत तसं आपोआप होत नाही, तिथे बहुधा व्रण पडतो. २०१७ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने प्रौढ उंदरांच्या म्युलर पेशींत एक जनुक चालू करून आणि सोबत एक औषध देऊन काही चेतापेशी तयार करून दाखवल्या. माणसात हे कितपत चालेल, हे माणसाच्या पेशीच सांगू शकतील.

मानवी दृष्टिपटल मिळतं कुठून?

नेत्रदानातून. प्रत्यारोपणासाठी मुख्यतः कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, लागतो. मागे जे उरतं त्यातलं दृष्टिपटल, घरच्यांनी संशोधनासाठी लेखी संमती दिली असेल तरच, आपल्याला मिळू शकतं. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत डोळे काढले जातात. एक गोष्ट नेत्रपेढीशी आधीच बोलून घ्या: आता बऱ्याच ठिकाणी अख्खा नेत्रगोल काढत नाहीत, जागेवरच कॉर्निया कापून घेतात. तसं असेल तर तुमच्यापर्यंत काहीच येणार नाही.

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, नेत्रपेढीशी लेखी करार आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, हे सगळं पहिल्या नमुन्याच्या आधी हातात हवं. दात्याच्या रक्ताच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्यांचा अहवालही हवा. तरीही नमुना संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करायचं. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल, तर आधी ती घ्या आणि मग हुडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसा.

डबा आला की त्यावर एक क्रमांक असतो, नाव नसतं. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी माणसं जमलेली असतात, आणि तशा वेळी कुणीतरी सही केलेली असते. नमुना निष्काळजीपणे वाया गेला, तर तो परत मागवता येत नाही.

उशीर झाला तर पेशी जगतात का?

प्रकाशपेशी लवकर ढासळतात, म्युलर पेशी चिवट असतात. रॅटच्या पेशींची १९९० मधली हिक्स आणि कूर्त्वा यांची पद्धत तर याच चिवटपणावर बेतलेली आहे: डोळे रात्रभर माध्यमात अंधारात तसेच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. मानवी डोळा एका दिवसाच्या आत हाताळला तर चांगलं. त्याहून उशिरा आलेल्यातूनही पेशी निघालेल्या आहेत, फक्त उत्पन्न कमी येतं.

पेशी वेगळ्या कशा करायच्या?

लिंबसच्या, म्हणजे कॉर्निया आणि पांढरा भाग जुळतात त्या कडेच्या, थोडं मागे गोलाकार छेद घेऊन पुढचा भाग उचलायचा. त्याच्यामागून काचजल, म्हणजे व्हिट्रियस, येतो. तो जेलीसारखा असतो आणि ओढला की दृष्टिपटलही सोबत ओढतो, म्हणून घाई नको. मग दृष्टिपटल हलकेच सोडवत आणायचं. ते फक्त दृष्टिचेतेपाशी आणि पुढच्या कडेला घट्ट धरलेलं असतं. चेतेपाशी कापलं, की ओल्या मलमलीच्या तुकड्यासारखं हातात येतं. या क्षणी ते भिंगाखाली नीट बघा. काळे ठिपके चिकटून आले असतील तर ते आरपीईचे आहेत. ते चिमट्याने आणि धुण्याने आत्ताच काढा. इथे वाचवलेली दहा मिनिटं पुढे दोन महिने खातात.

मॅक्युला पिवळसर दिसतो. तो वेगळा वाढवायचा असेल तर आत्ताच कापून बाजूला ठेवा, कारण मॅक्युलातल्या आणि कडेच्या म्युलर पेशींच्या जनुकांच्या वापरात फरक असतो.

पुढे बारीक तुकडे करून पपेन किंवा ट्रिप्सिनमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासापर्यंत ठेवायचे. ट्रिप्सिन असेल तर सीरम घालून थांबवायचं. मग पिपेटने हळूहळू वर-खाली. फेस येऊ द्यायचा नाही. एकेक पेशी सुटी झालीच पाहिजे असा हट्ट धरू नका. छोटे पुंजके राहिले तरी त्यांतून पेशी बाहेर सरकतात. फ्लास्कला फायब्रोनेक्टिन किंवा लॅमिनिनचं कोटिंग द्या. माध्यम म्हणून डीएमईएम, त्यात १० टक्के सीरम आणि प्रतिजैविक. काही जण ईजीएफ हा वाढघटकही घालतात. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

चेतापेशींना ही परिस्थिती मानवत नाही. त्या मरतात आणि धुण्यात निघून जातात. म्युलर पेशी धरून राहतात. म्हणजे आपण म्युलर पेशी फारशा निवडत नाही, जगायला लायक असलेलं जगू देतो. म्हणून जगलेलं सगळं म्युलरच आहे, असं धरता येत नाही.

आठ दिवस झाले, फ्लास्कमध्ये नुसता कचराच दिसतो. टाकून देऊ?

टाकू नका. पहिले चार-पाच दिवस तर फ्लास्क हलवूही नका. मग जोरात धुऊन नवं माध्यम घाला आणि काठाकडून बघत या. दोन ते तीन आठवड्यांत चपट्या, लांबट पेशींची बेटं दिसू लागतात. रोज एक फोटो काढा, त्याच जागेचा. रोज इन्क्युबेटरचं दार उघडून पाच-पाच मिनिटं बघत बसणं मात्र थांबवा.

दिसायला म्युलरसारख्याच आहेत. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. यावर मी थोडं लांबून सांगते, कारण मला हे महागात पडलं आहे.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका दात्याच्या पेशींचे सुंदर फ्लास्क होते. लांब, समांतर, प्रवाहासारख्या वळलेल्या. व्हायमेंटिन या प्रथिनाचं स्टेनिंग केलं, म्हणजे ते चमकत्या अँटीबॉडीने रंगवलं, शंभर टक्के पेशी हिरव्या चमकल्या. आम्ही सगळे खूश. सात महिने मी त्यांना जास्त ग्लुकोज देऊन मोजमापं घेत होते. मग एका प्रशिक्षणाला आलेल्या ज्येष्ठ बाईंनी विचारलं, “ग्लुटामिन सिंथेटेज बघितलंस का गं?” बघितलं. जवळजवळ काहीच नव्हतं. पण स्नायूंकडे झुकणारं अल्फा-एसएमए हे प्रथिन भरभरून होतं. रक्तवाहिन्यांभोवतीच्या आणि तंतुजनक पेशींनी कधीच फ्लास्क ताब्यात घेतला होता. व्हायमेंटिन त्यांच्यातही असतं, ही गोष्ट मला माहीत होती, पण मी ती स्वतःला विचारली नव्हती. सात महिन्यांची मोजमापं गेली. त्याहून जास्त लागलं ते हे, की त्या दात्याचं दृष्टिपटल पुन्हा मिळणार नव्हतं.

वाढवणं हे हाताचं काम आहे, सवयीने जमतं. ओळख पटवणं हे काम कधी संपत नाही. पेशींना नाव आपण देतो. ते बरोबर आहे का, हे दर काही पॅसेजना, म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधून पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या दर काही फेऱ्यांनंतर, पुन्हा तपासावं लागतं.

मग कोणते मार्कर बघायचे?

मार्कर म्हणजे पेशीचा प्रकार ओळखायची खूण, बहुतेक एखादं प्रथिन. एकच मार्कर सांगा, असं मुलं म्हणतात. तो नाही. असावेत ते आणि नसावेत ते, असे दोन्ही बघायचे.

असायला हवेत त्यांत पहिलं ग्लुटामिन सिंथेटेज. पडद्यात ते म्युलर पेशींची खूणच मानली जाते. पण कल्चरमध्ये, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवताना, ते घटतं, आणि त्यात एक खोच आहे: माध्यमात भरपूर ग्लुटामिन असेल तर पेशीतलं हे विकर लवकर मोडलं जातं. शिवाय इतर पेशीही थोडं थोडं करतातच. म्हणून पातळी मोजा, नुसतं ‘आहे-नाही’ लिहू नका. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर ते वाढलं, तर म्युलरच्या बाजूने एक पुरावा जमा झाला. दुसरं क्राल्बीपी. ते म्युलरमध्ये असतं आणि आरपीईमध्येही असतं, हे विसरलात तर आरपीईलाच म्युलर म्हणून बसाल. तिसरं केंद्रकातलं सॉक्स-९. त्याचा फायदा असा, की केंद्रकं मोजता येतात आणि टक्केवारी काढता येते. सोबत ग्लास्ट हा ग्लुटामेटचा वाहक. व्हायमेंटिन आणि नेस्टिन बघा, पण त्यांच्यावर विसंबू नका.

नसायला हव्यात त्या खुणा निम्मी मुलं करतच नाहीत. आरपीईसाठी केराटिन ८ आणि १८. आरपीई-६५ शोधता येतं, पण कल्चरमध्ये तेही हरवतं आणि काळं रंगद्रव्यही विरळ होत जातं, तेव्हा ‘काळी नाही म्हणजे आरपीई नाही’ असं होत नाही. मायक्रोग्लियासाठी आयबीए-१, रक्तवाहिन्यांच्या अस्तरासाठी सीडी-३१, तंतुजनक पेशी आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या परिपेशींसाठी अल्फा-एसएमए. यातलं शेवटचं सावधपणे वाचा: म्युलर पेशी स्वतःही बरेच पॅसेज झाल्यावर अल्फा-एसएमए दाखवू लागतात. त्यामुळे ते एकटं दिसलं म्हणून निवाडा करायचा नाही, ग्लुटामिन सिंथेटेज आणि सॉक्स-९ शेजारी ठेवून बघायचं.

आणि शक्य असेल तर काम तपासा. सोडियम असताना ग्लुटामेट उचलतात का, आणि टीबीओए हे ग्लुटामेटचे वाहक अडवणारं रसायन दिल्यावर ते थांबतं का? प्रथिनाचा रंग फसवू शकतो, काम सहसा फसवत नाही.

जीएफएपी आलं. म्हणजे या ॲस्ट्रोसाइट आहेत?

तेवढ्यावरून नाही. निरोगी पडद्यात जीएफएपी हे प्रथिन मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्ये दिसतं, पण जखम किंवा ताण आला की म्युलर पेशीही ते बनवतात, आणि पडदा फाडून फ्लास्कमध्ये आणणं याहून मोठा ताण कोणता? पॅक्स-२ जोडून बघा, ते ॲस्ट्रोसाइटकडे झुकतं.

स्टेनिंगमध्ये कंट्रोल किती ठेवायचे?

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. दुय्यम, म्हणजे रंग धरणारी, अँटीबॉडी एकटी, ही तर रोजची. त्याशिवाय दृष्टिपटलाचा छेद त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या अँटीबॉडीने रंगवा. छेदात उभे खांब उमटले तर अँटीबॉडी खरी. आणि त्वचेच्या फायब्रोब्लास्टची, म्हणजे तंतुजनक पेशींची, एक स्लाइड, जिथे उमटायला नको. फोटो घेताना सगळ्या स्लाइडना एक्स्पोजर तेच.

किती पॅसेजपर्यंत वापरायच्या?

मी चौथ्याच्या पुढे जात नाही. पेशी सपाट होत जातात, ग्लुटामिन सिंथेटेज उतरतं, आणि पोटॅशियमची केआयआर ४.१ ही वाट तर फारच लवकर बंद पडते. म्हणून लवकरच्या पॅसेजलाच जास्तीत जास्त नळ्या गोठवा: १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजन.

तयार सेल लाइन घेतली तर ही सगळी कटकट वाचेल ना?

काही वाचेल. सेल लाइन म्हणजे फ्लास्कमध्ये न थांबता विभाजित होत राहणाऱ्या पेशी. एमआयओ-एम१ ही मानवी म्युलर पेशींची लाइन लंडनमध्ये आपोआप अमर झालेल्या पेशींतून तयार झाली आणि २००२ मध्ये जाहीर झाली. चांगली आहे, मीही वापरते. पण तिच्यात काही गुण मूलपेशींसारखे आहेत, तेव्हा तिचा प्रत्येक निष्कर्ष प्रौढ डोळ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि लाइनच्या नावावर कधीही विश्वास टाकू नका. आरजीसी-५ ची हकीकत सगळ्यांना ठाऊक असायला हवी. २००१ मध्ये ती रॅटच्या दृष्टिपटलातली गँगलिऑन, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणाऱ्या, पेशींची लाइन म्हणून जाहीर झाली. काचबिंदूच्या संशोधनात जगभर वापरली गेली. २००९ मध्ये कळलं की ती रॅटची नसून माउसची आहे. २०१३ मध्ये सिद्ध झालं की ती मुळात ६६१डब्ल्यू ही प्रकाशपेशींची लाइन आहे. इतकी वर्षं, इतके शोधनिबंध, आणि पेशी दुसऱ्याच.

मानवी पेशींसाठी उपाय साधा आहे: एसटीआर प्रोफाइल. माणसाच्या ओळखीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळा करतात तीच चाचणी. पेशी आल्या की एकदा, गोठवण्याआधी एकदा आणि निबंध पाठवण्याआधी एकदा करा. ती माणूस ओळखते, पेशीचा प्रकार नाही, त्यामुळे मार्कर सुटत नाहीत. स्वतःच्या प्राथमिक पेशींसाठी दात्याच्या उरलेल्या ऊतीचा डीएनए राखून ठेवा, नाहीतर ताडून बघायला काही उरत नाही.

लाइन शेजारच्या प्रयोगशाळेतून डब्यात मागून आणण्यापेक्षा अधिकृत संग्रहातून घ्या. आपलं भाग्य असं, की राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि देशभर सेल लाइन पुरवणारा पेशीसंग्रह तिथे आहे. हवी ती लाइन तिथे आहे का, हे आधी त्यांच्या यादीत बघा.

मायकोप्लाझ्माची तपासणी दर महिन्याला? खरंच?

हो, खरंच. मायकोप्लाझ्मा हे कल्चरमध्ये शिरणारे अगदी लहान जिवाणू. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, नेहमीच्या पेनिसिलिनला ते दाद देत नाहीत कारण त्यांना पेशीभित्तिकाच नसते. पण पेशींचं वागणं बदलतं. पीसीआर करा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सगळ्यांनी एकत्र.

पावसाळ्यात बुरशी का येते?

हवा दमट, भिंती ओल्या, आणि छत्र्या कल्चर रूमच्या दाराशी. पुठ्ठ्याचे खोके आत नेऊ नका, बुरशीचं घर ते. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी आठवड्याला बदला. शिवाय पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार, वीज किंवा पाणी केव्हाही जाऊ शकतं. त्या दिवशी पेशी वेगळ्या करायचं काम ठेवू नका आणि इन्क्युबेटर यूपीएसवर आहे ना, हे बुधवारी संध्याकाळी बघून घरी जा.

मूलपेशींपासून ऑर्गनॉइड वाढवून म्युलर पेशी मिळतात ना?

मिळतात, पण ऑर्गनॉइड, म्हणजे मूलपेशींपासून वाढवलेलं अवयवाचं छोटं रूप, हे घाईचं काम नव्हे. गर्भातही म्युलर पेशी सर्वांत शेवटी जन्मणाऱ्यांपैकी आहेत, आणि ऑर्गनॉइडही तोच क्रम पाळतं. काही महिने सांभाळायची तयारी असेल तरच सुरू करा.

माझ्या भावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. तुम्ही वाढवलेल्या पेशी त्याच्या डोळ्यात घालता येतील का?

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा प्रकाशपेशी हळूहळू मरत जाणारा आनुवंशिक आजार. आणि उत्तर: आज नाही. आमच्या फ्लास्कमधल्या पेशी अभ्यासासाठी आहेत, उपचारासाठी नाहीत, आणि कुणी तशा पेशी देतो म्हणालं तर ते धोक्याचं आहे.

या दिशेने खरं काम मात्र झालेलं आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून बनवलेला आरपीईचा थर तिच्या डोळ्यात बसवला. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत आरपीई-६५ या जनुकातल्या दोषावरच्या जनुकोपचाराला मान्यता मिळाली, आणि तो उपचार पोहोचतो तो आरपीईच्याच पेशींत. पण तो त्या एकाच जनुकाच्या रुग्णांसाठी आहे. रेटिनायटिस पिग्मेंटोसा कितीतरी वेगवेगळ्या जनुकांमुळे होतो.

म्हणून भावाची जनुकीय तपासणी रेटिना तज्ज्ञांच्या सल्ल्याने करून घ्या. अहवाल जपून ठेवा, पुढे एखादी चाचणी सुरू झाली तर तोच आधी मागतील. उरलेल्या नजरेसाठी लो-व्हिजनची साधनं मिळतात, काठीचं आणि मोबाइल वाचून दाखवण्याचं प्रशिक्षण मिळतं. ते आजच सुरू करा, नजर आणखी कमी होण्याची वाट बघू नका. कुणी मूलपेशींचं इंजेक्शन सुचवलं, तर ती चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आहे का, नोंदणी क्रमांक काय आणि नैतिकता समिती कोणती, हे तिथेच विचारा. आणि नोंद दाखवायच्या आधी पैसे मागितले, तर भावाचा हात धरा आणि तिथून उठून या.